सहलीचा हंगाम आणि दुकानाचा हंगाम

सहलीला कोठे जावे, याविषयी आपल्या घरांत फारसे मतभेद नसतात. केव्हा जावे, या प्रश्नापाशी मात्र बोलणे अडते. नोकरदाराची रजा मंजूर झाली की त्याचा प्रश्न सुटतो. व्यापाऱ्याची रजा मंजूर करणारा वरिष्ठ तो स्वतःच असल्यामुळे ती बहुधा मंजूर होत नाही. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. माझे थोरले बंधू अण्णा यांनी त्याहून अधिक वर्षे मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या परिसरात किराणा-भुसारचे दुकान चालवले. एकाच वाड्यात वाढलेल्या आम्हा दोघा भावांच्या आयुष्यातील हा फरक मला नेहमी जाणवत आला. बँकेच्या प्रवास सवलतीमुळे मला काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा देश पाहता आला. अण्णांचा प्रवास लग्नकार्ये, कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन आणि माल खरेदीसाठीच्या फेऱ्या यांपलीकडे क्वचितच गेला.

आमच्या वहिनींच्या मनात म्हैसूर पाहण्याची इच्छा फार जुनी. त्यांचे माहेर बेळगावकडचे असल्याने कानडी त्यांना मराठीइतकेच अवगत. लहानपणी शेजारच्या कोणीतरी आणलेले म्हैसूरच्या राजवाड्याचे चित्र त्यांच्या माजघरात लावलेले होते, असे त्या सांगत. लग्न झाल्यापासून 'यंदा दसऱ्याला जाऊ' हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. दसरा जवळ आला की दुकानात दिवाळीचा माल भरण्याची घाई सुरू होई, आणि जाण्याचा विषय पुढल्या वर्षावर टाकला जाई.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये अण्णांच्या डोळ्यांची तपासणी झाली आणि काचबिंदू असल्याचे निदान झाले. उजव्या डोळ्याची कडेची दृष्टी बरीच गेली होती, डाव्या डोळ्यावरही परिणाम सुरू झाला होता. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेनंतर दृष्टी परत येते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, औषधाने उरलेली जपता येते एवढेच, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. अण्णांनी ते शांतपणे ऐकले. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "थेंब नियमाने घालायचे, दुसरं काय?" वहिनी मात्र त्या रात्री माझ्या सौभाग्यवतीला म्हणाल्या, "आता मला म्हैसूर नको. पण त्यांनी काहीतरी बघायला हवं होतं हो."

हे माझ्या कानावर आले तेव्हा मी मनाशी ठरवले, की हा प्रवास त्याच वर्षी घडवायचा. अण्णांना 'डोळे आहेत तोवर चला' असे म्हणणे मला शक्य नव्हते, आणि त्यांनाही ते रुचले नसते. त्यांना पटेल अशी एकच भाषा होती, हिशेबाची. म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली आणि वर्षाचे बारा महिने मांडले.

जानेवारी ते मार्च हा गुळाचा, नव्या हळदीचा आणि बेदाण्याचा काळ. सांगलीच्या बाजारपेठेचे अर्धे लक्ष तिकडे आणि मार्चअखेर तर हिशेबाचा महिना. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि वर्षाच्या बेगमीची खरेदी, त्यातच शाळांच्या सुट्ट्या. दुकानात गर्दी आणि प्रेक्षणीय स्थळीही गर्दी. भाद्रपदात दशलक्षण पर्व. त्यानंतर दसरा-दिवाळी, लक्ष्मीपूजन, पाडव्याची नवी वही. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात साऱ्या देशातील लोक एकाच वेळी घराबाहेर पडतात. राहिला जून. बेगमी भरून झालेली, शाळा सुरू झालेल्या, शेतकरी पेरणीत गुंतलेला. दुकानात गिऱ्हाईक तुरळक. आषाढातील अष्टाह्निका आणि चातुर्मास अजून सुरू व्हायचे असतात. जीएसटीचे विवरण 20 तारखेपर्यंत भरून झाले, की पुढला आठवडा वर्षातील सर्वांत मोकळा असतो.

अण्णांनी तो कागद नीट वाचला. मग विचारले, "जूनमध्ये स्वस्त असतं ते कशामुळे? पावसात कोण जातं म्हणून ना?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण खरा व्यापारी हाच प्रश्न विचारतो. बँकेत ठेवीदार यायचे आणि अमुक ठिकाणी जास्त व्याज मिळते असे सांगायचे. मी त्यांना म्हणे, व्याज जास्त का मिळते ते आधी विचारा. स्वस्ताईलाही हेच लागू आहे. मे महिन्यात जयपूरला खोल्या स्वस्त मिळतात, कारण उन्हाने अंग भाजते. पावसाळ्यात गोवा स्वस्त असतो, कारण समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर उतरण्यासारखी स्थिती नसते. तेथे किंमत कमी असली तरी मालही कमी प्रतीचा मिळतो. म्हैसूरचे तसे नाही. ते शहर सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या बाजूला आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर कोडगूच्या डोंगरांत ओसरतो आणि म्हैसूरला येतात त्या रिमझिम सरी. तेथील मोठा पाऊस मे महिन्यात वळवाचा आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. म्हणजे दसऱ्याच्या सोहळ्यातच पावसाची शक्यता अधिक. जूनमध्ये हवा थंड, आकाश ढगाळ आणि गर्दी नाही. तेथे तेव्हा स्वस्ताई असते ती शाळा सुरू झाल्यामुळे. आम्हा चौघांपैकी कोणालाच शाळेत जायचे नव्हते. अण्णा हसले आणि म्हणाले, "बरं. दर काढून आण."

दर काढताना ज्या गोष्टी ध्यानात आल्या त्या वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. आपल्या नेहमीच्या एक्सप्रेस गाड्यांचे भाडे हंगामाप्रमाणे चढत-उतरत नाही. दसऱ्यात आणि जूनमध्ये ते सारखेच. फरक पडतो तो जागा मिळण्यात. जागा न मिळाल्यास तत्काळ तिकिटाचा जादा आकार द्यावा लागतो किंवा खासगी बसचे वाढीव भाडे मोजावे लागते. ज्येष्ठ नागरिकांना पूर्वी पुरुषांस 40 टक्के आणि महिलांस 50 टक्के सवलत होती. ती मार्च 2020 पासून बंद आहे, तेव्हा आता बचत साधायची ती वेळेवरच. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली आहे. शनिवार 21 जूनला निघायचे ठरले, म्हणून 22 एप्रिलला सकाळी मी तिकिटे काढली. चौघांचे एक तिकीट न काढता दोघादोघांची दोन काढली. ज्येष्ठांसाठी राखीव असलेले खालचे बर्थ एका तिकिटावर एक किंवा दोन प्रवासी असतानाच मिळतात. अण्णांच्या दृष्टीमुळे आम्हाला वरचा बर्थ चालणारा नव्हता.

दुसरी गोष्ट वाराची. बंगळुरूचे लोक शनिवार-रविवारी म्हैसूरला येतात आणि रविवारी सायंकाळी परततात. त्यामुळे रविवार रात्रीपासून गुरुवार सकाळपर्यंत खोल्यांचे दर उतरलेले असतात. उलट राजवाड्याची विद्युत रोषणाई एरवी असते ती रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी, सायंकाळी सातच्या सुमारास. म्हणून रविवारी दुपारी पोहोचायचे, त्याच संध्याकाळी रोषणाई पाहायची आणि पुढचे चार दिवस शांतपणे हिंडायचे, असा बेत केला. रेल्वे स्थानकापासून जवळ असलेल्या एका साध्या, स्वच्छ निवासात 1,600 रुपयांना एक अशा दोन खोल्या ठरल्या. दसऱ्याच्या आठवड्यात याच खोलीचे काय घ्याल, असे मी दूरध्वनीवर सहज विचारले. उत्तर दुपटीहून अधिक आले, शिवाय तीन रात्रींहून कमी राहता येणार नाही अशी अटही होती.

घरी खरी अडचण पैशाची नव्हतीच. दुकान पाच-सहा दिवस कोणाच्या भरवशावर सोडायचे, ही होती. पुतण्या पस्तीस वर्षांचा आहे, बारा वर्षे दुकानात बसतो. पण उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे आजही अण्णाच ठरवतात. वहिनींनी हा विषय स्वतःच काढला. म्हणाल्या, "तुम्ही गल्ल्यावर बसलात तेव्हा मामंजींनी तुम्हाला किती वर्षं वाट बघायला लावली होती?" अण्णांनी उत्तर दिले नाही. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मुलाला बोलावून तिजोरीची किल्ली दिली आणि खतावणी उघडून तीन खात्यांवर बोट ठेवले. "या तिघांना नाही म्हणायचं, पण गोड बोलून."

शनिवारी दुपारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि उकळून गाळलेले पाणी बरोबर होते. बेळगाव येण्याच्या सुमारास, सूर्य मावळण्यापूर्वी शिदोरी सोडली. सकाळी बंगळुरूला उतरून पुढील गाडीने दुपारपर्यंत म्हैसूर गाठले. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांना प्रवासात कुचंबणा होते, असा आपल्याकडे समज आहे. म्हैसूरमध्ये तसे झाले नाही. शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे जागोजागी आहेत आणि संध्याकाळी साडेपाचला गरम इडली, उपमा, दहीभात मिळतो. कांदा-लसूण नको असे वहिनी कानडीत सांगत आणि वाढणारा मुलगा 'अम्मा' म्हणून नीट ऐकून घेई. जेवण लवकर आटोपल्यामुळेच सातची रोषणाई आम्हाला निवांतपणे पाहता आली.

आजचा राजवाडा फार जुना नाही. जुना लाकडी राजवाडा 1897 मध्ये एका राजकन्येच्या विवाहसमारंभात आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार 1912 मध्ये हा नवा राजवाडा पूर्ण झाला. मिरजकरांना या दरबाराचा आणखी एक धागा ठाऊक असतो. आमच्या गावी स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना म्हैसूर दरबारात मोठा मान होता. अण्णांना गाण्याची आवड. दरवर्षी दर्ग्यातील त्यांच्या स्मृतिसंगीत सभेला दुकान बंद करून ते जाऊन बसतात. त्या दरबाराच्या दाराशी उभे असताना त्यांनी ही आठवण काढली.

सात वाजता सुमारे 97 हजार दिवे एकदम लागले. जमलेल्या लोकांतून एकच उद्गार उठला. मी अण्णांकडे पाहिले. ते मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळवीत होते. कडेचे दिसत नसल्यामुळे त्यांना सारा राजवाडा एका दृष्टिक्षेपात मावत नव्हता. तो ते तुकड्यातुकड्याने पाहत होते, हे माझ्या लक्षात आले. वहिनी त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या आणि कोणत्या टोकाला काय आहे ते सांगत होत्या. दिवे मालवेपर्यंत दोघेही जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालय पाहिले. राजा रविवर्म्याची चित्रे पाहायला लोक येतात आणि एका चित्रापाशी अधिक वेळ थांबतात. हातात समई घेतलेल्या आणि दुसऱ्या हाताने ज्योत झाकणाऱ्या स्त्रीचे ते जलरंगातील चित्र. अनेकांना तेही रविवर्म्याचेच वाटते. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आणि त्यासाठी त्यांची कन्या उभी राहिली होती. बोटांच्या फटींतून येणारा प्रकाश इतका खरा वाटतो, की कागदामागे दिवा असावा अशी शंका येते. अण्णा बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले. म्हणाले, "हे मला पूर्ण दिसतं." मध्यभागाची दृष्टी शाबूत असल्याने ते चित्र त्यांच्या नजरेत संपूर्ण मावत होते. त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही.

मंगळवारी प्राणिसंग्रहालय बंद असते, म्हणून तो दिवस श्रवणबेळगोळसाठी ठेवला होता. पहाटे निघून आठच्या आत विंध्यगिरीच्या पायथ्याशी पोहोचलो. येथेही वेळेचा लाभ झाला. सहाशेहून अधिक पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत आणि चढायचे ते अनवाणी. एप्रिल-मेमध्ये दहा वाजल्यानंतर त्या खडकावर पाय ठेववत नाही. जूनच्या ढगाळ सकाळी कातळ गार होता आणि वारा सुखद होता. सर आली तर पायरी निसरडी होते, म्हणून कठडा सोडायचा नाही आणि घाई करायची नाही, हे पथ्य पाळले. ज्यांना चढणे शक्य नसते त्यांच्यासाठी डोलीची सोय आहे. वहिनींनी गुडघे दुखत असूनही ती नाकारली. मी अण्णांच्या उजव्या बाजूने, अर्धी पायरी पुढे चालत होतो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

चामुंडरायाने दहाव्या शतकात घडवलेली ती 57 फुटी मूर्ती मी तिसऱ्यांदा पाहत होतो, अण्णा प्रथमच. 1981 च्या महामस्तकाभिषेकाला सारे घर निघाले होते, तेव्हा दुकान सांभाळायला ते मागे राहिले. 1993, 2006 आणि 2018 मध्येही काही ना काही कारण निघाले. महामस्तकाभिषेकाच्या गर्दीत दर्शनाला क्षणभर मिळतो. त्या मंगळवारी आम्ही मूर्तीसमोर तासभर बसलो होतो आणि कोणी उठा म्हणाले नाही. मूर्तीच्या पायाशी मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक आहे. त्याची नागरी अक्षरे अण्णांनी वाकून, एकेक करून वाचली.

बुधवारी कृष्णराजसागर पाहिले. विश्वेश्वरय्यांचे नाव या धरणाशी कायमचे जोडलेले आहे. त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे मात्र आधी आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्यावर 1903 मध्ये बसले होते. कोडगूच्या पावसाने जलाशयात पाणी चढत होते. पाण्याच्या पातळीचा फलक पाहून अण्णांनी विचारले, "आपल्या कोयनेत किती झालं असेल?" व्यापाऱ्याला धरण दिसले, की पुढच्या हंगामाचे पीक दिसते.

पहिल्या दिवशी अण्णांनी दुकानात सात वेळा दूरध्वनी केला होता. बुधवारी दोनदाच. शुक्रवारी घरी परतल्यावर आंघोळ करून ते थेट दुकानात गेले आणि रोजमेळ उघडून बसले. ज्या तिघांना नाही म्हणायचे होते, त्यांतील एकाला पुतण्याने दोन पोती साखर उधार दिली होती. त्या नोंदीवर अण्णांनी पेन्सिलीने खूण केली. पुतण्या म्हणाला, "त्यांच्या मुलीचं लग्न आहे, अण्णा. मी विचारून दिली." खूण तशीच राहिली. पण तिजोरीची किल्ली अण्णांनी परत मागितली नाही. ती आजही पुतण्याकडेच आहे.

आता हिशेब. खोल्यांचे चार रात्रींचे 12,800 आणि त्यावर 12 टक्के कर 1,536. मिरज-बंगळुरू जाणे-येणे, वातानुकूलित तीन टायर डब्यातून, चौघांचे नऊ हजारांच्या आत. श्रवणबेळगोळची मोटार, बंगळुरू-म्हैसूर गाडी, शहरातील रिक्षा, भोजन आणि प्रवेशशुल्क मिळून सुमारे अकरा हजार. एकूण चौतीस हजार आणि काही शे. माणशी साडेआठ हजारांच्या आसपास. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर 5 टक्के झाला आहे, म्हणजे यंदा जाणाऱ्यांचे तेवढे आणखी वाचतील. दसऱ्यात गेलो असतो तर खोल्यांचाच खर्च दुप्पट झाला असता आणि अण्णांना त्या गर्दीत एकट्याने पाऊल टाकता आले नसते.

ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांना जून सोयीचा नाही, हे उघड आहे. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतील शेवटचे दिवस धरावेत आणि रविवारी पोहोचून गुरुवारी परतण्याचा क्रम ठेवावा. वाराची बचत बाराही महिने लागू आहे. ज्येष्ठांनी औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक जादा बाटली बरोबर असू द्यावी, कारण प्रवासात एक वेळही चुकवून चालत नाही. आणि प्रत्येक घराने आपल्या धंद्याचे बारा महिने एकदा कागदावर मांडून पाहावेत. कापडवाल्याचा मोकळा आठवडा वेगळा असेल, सराफाचा वेगळा, अडत्याचा वेगळा. पण तो आठवडा असतोच. तो सापडला, की गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते.

वहिनींनी येताना देवराज मार्केटमधून चंदनाची एक छोटी पेटी आणली. अण्णा तीत डोळ्यांच्या औषधाची बाटली ठेवतात. परवा त्यांनी मला विचारले, "हंपीला कोणता महिना बरा?" मी म्हटले, उन्हाळा सोडून कोणताही, बघून सांगतो. कागद-पेन्सिल पुन्हा काढली आहे.